दार कोणी पुसायचं

मिंटा लिबर्ड दमली असं मी फारसं कधी पाहिलं नव्हतं. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात उभं आयुष्य पातेली घासली तिने, तेव्हा नाही दमली. डेन्झिलला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, पुरून आलो त्या दुपारीही चॅपलच्या हॉलमध्ये बोकडाचा रस्सा वाढायला तीच उभी होती. डोळे सुजलेले, पण डाव हातात. ती दमायला लागली म्हातारपणी, कौन्सिलच्या इमारतीत दर महिन्याला भरणाऱ्या त्या बैठकांना जायला लागली तेव्हापासून. परतताना माझ्याकडे थांबायची, कोट न काढताच खुर्चीत बसायची आणि म्हणायची, "चहा टाक गं. आणि कुणाचं नाव घेऊ नकोस."

"आज काय ठरलं?"

"आज ठरलं, की पुढच्या महिन्यात ठरवायचं."

आम्ही दोघी कॅरिबियनमधल्या नेविस बेटावरच्या. इंग्लंडात हॉल्डनशॉला आलो त्याला इतकी वर्षं झाली, की इथल्या थंडीला आम्ही शिव्या देतो, पण पाहुण्याने दिल्या तर आम्हालाच राग येतो. गिरण्या चालू होत्या तेव्हा आलो, त्या बंद पडलेल्याही पाहिल्या. आमच्या पिढीची एक रीत होती. सत्तरच्या दशकात खिडकीवर वीट यायची, दारावर रंगाने काहीबाही लिहिलेलं असायचं, पत्रं टाकायच्या फटीतून नको ते आत यायचं. डेन्झिल बसवर कंडक्टर होता. त्याने जिन्याखाली काचेची तावदानं आणि पुट्टीचा डबा कायमचा ठेवलेला. दूधवाला यायच्या आधी उठून तो काच बसवून टाकायचा. मिंटा दार घासायची. पोरं खाली उतरून पॉरिज खायला बसेपर्यंत घर जसंच्या तसं. शेजाऱ्याला दिसू द्यायचं नाही, पोरांना कळू द्यायचं नाही, रडायचं ते देवासमोर. रविवारी चॅपलमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या हातांना टर्पेंटाइनचा वास आला तर आम्ही काही विचारत नसू. स्तोत्रांचं पुस्तक तिच्याकडे जरा जास्त सरकवायचं, एवढंच.

पोलिसांकडे कोण जाणार? गेलंच कुणी तर पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्ही काय केलं होतं?"

मग हळूहळू ते कमी झालं. आमची पोरं इथल्याच शाळांतून मोठी झाली, इथल्यांशीच लग्नं करून बसली. आम्हाला वाटलं, संपलं एकदाचं. मी तर प्रार्थनेत त्याबद्दल मागायचंही सोडून दिलं होतं.

राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून गावभर पताका लागल्या होत्या, त्या उन्हाळ्यात रुटेंडो चॅपलला पहिल्यांदा आली. झिम्बाब्वेतल्या मुटारे गावची. सगळ्यांत मागच्या बाकावर बसली होती, सोबत चिएड्झा, तिची लेक, सहा वर्षांची. पहिलं स्तोत्र सुरू झालं आणि मागून असा काही आवाज आला की ऑर्गन वाजवणारा मान वळवून बघायला लागला आणि दोन सूर चुकला. प्रार्थना संपल्यावर मिंटा तडक तिच्यापाशी गेली. "पोरी, पुढच्या रविवारपासून पुढे बसायचं. मागे बसून गाणं म्हणजे दिवा टोपलीखाली ठेवण्यासारखं."

रुटेंडो म्हाताऱ्यांच्या आश्रमात रात्रपाळी करायची. नवरा अजून मुटारेलाच, त्याचे कागद व्हायचे होते. मायलेकी दोन वर्षं कुणाकुणाच्या खोल्यांतून राहिल्या, न्हाणीघराच्या रांगेत उभ्या राहिल्या, आणि आता क्रो हिलच्या वस्तीत त्यांना एक घर मिळालं होतं. लहानसंच, पण पुढे लाल दार, मागे वाफाभर जमीन. तिथे तिने तिच्याकडची पालेभाजी लावली. आम्हाला घर दाखवायला नेलं तेव्हा तिने किल्ली फिरवून दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. "आंटी, या दारातून आम्हा दोघींशिवाय कुणी ये-जा करत नाही," ती म्हणाली. राजवाडा दाखवावा तसं तिने ते दार दाखवलं. पुढे जे काही झालं ते त्या दारापायीच.

रात्रपाळीच्या दिवसांत चिएड्झा मिंटाकडे झोपायची. मिंटाला ती गोगो म्हणायची. त्यांच्याकडे आजीला तसं म्हणतात. मिंटाची स्वतःची नातवंडं दूर लंडनला. ती वर्षातून एकदा फोनवर "हॅलो ग्रॅनी" म्हणायची आणि पाठीमागून टीव्हीचा आवाज यायचा. त्यामुळे ही गोगो म्हणत आली तशी मिंटा विरघळलीच. तिच्यासाठी आमच्याकडचे पिठाचे गोळे, जॉनीकेक, तळायची, मधाने माखायची. "दात किडतील तिचे," मी म्हणायचे. "किडू देत. दुधाचेच आहेत," ती म्हणायची.

पहिल्यांदा दारावर लिहिलं गेलं ते पानगळीच्या सुरुवातीला. काय लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. तोच शब्द होता, आमच्या वेळचा. इतक्या वर्षांत त्यांना नवा शब्दही सुचला नव्हता. खाली "परत जा".

रुटेंडो कामावरून आली, दार पाहिलं आणि तिने मिंटाला फोन केला, कारण तिच्याकडे तेवढाच एक नंबर होता. मिंटाने मला बोलावलं, मी आणखी दोघींना. बादल्या, ब्रश, टर्पेंटाइन घेऊन आम्ही गेलो आणि दार असं घासलं की आधीपेक्षा लख्ख झालं. हातांना सगळं आठवत होतं. मग मिंटाने गॅसवर चहा ठेवला, रुटेंडोला झोपायला लावलं आणि आम्ही घरी आलो. काम चोख केल्याचं समाधानही वाटलं, खोटं का सांगू.

पुढच्या महिन्यात पुन्हा. पुन्हा आम्ही, पुन्हा बादल्या. तिसऱ्यांदा मात्र दारासोबत मागच्या वाफ्यातली भाजीही उपटलेली होती आणि रुटेंडोने आम्हाला न विचारता पोलिसांना फोन केला. कॉन्स्टेबल ओल्डरॉइड आला तो संध्याकाळी. उंच, गुलाबी गालांचा, पन्नाशीचा माणूस. पाय पुसून आत आला, तेवढ्यावरून तो मला बरा वाटला.

"कुठे लिहिलंय?" त्याने विचारलं.

"पुसलं," मिंटा म्हणाली.

"कोणी?"

"आम्ही. सकाळीच." आवाजात ताठा.

तो दारापाशी वाकला, टोपी मागे सारून इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. "अहो बाई, मग मी लिहू काय? दार अतिशय स्वच्छ आहे असं?"

"आधीच्या दोन वेळा—"

"तेव्हाही पुसलं?"

"घाण ठेवायची का मग दारावर?"

"ठेवायची," तो म्हणाला. मग स्वतःलाच ते बरं वाटलं नसावं. "म्हणजे, फोटो निघेपर्यंत. पुरावा तुम्ही बादलीत घालून गटारात ओतलात, बाई. कोपऱ्यावरची ती पोरं, मला माहीत आहेत ती. त्यांचे बापही माहीत आहेत. पण कोर्टात काय दाखवू? बादली?"

घरी येताना, आमच्या थांब्याजवळ मिंटा म्हणाली, "तीस वर्षं आपण लिहिणाऱ्यांचीच कामं करत आलो की गं."

दुसऱ्या दिवसापासून तिने दारं झिजवायला सुरुवात केली. घरं ज्यांच्या ताब्यात होती त्या संस्थेत गेली. तिथला कीथ म्हणाला, हे शेजाऱ्याशेजाऱ्यांतलं भांडण दिसतंय, आमच्याकडे तशीच नोंद आहे. शाळेत गेली. शाळा म्हणाली, शाळेबाहेरचं आम्ही बघत नाही. कौन्सिलमध्ये तिला हिलरी थ्वेट भेटली, चष्मा कपाळावर लावून चष्मा शोधणारी. हिलरीला वरून फर्मान आलेलं होतं, की वर्णद्वेषाच्या गुन्ह्यांविरुद्ध पोलीस, घरं, शाळा, अग्निशमन, रुग्णालय सगळ्यांनी मिळून एक मंडळ काढावं आणि त्यात लोकांपैकीही कुणी असावं. आणि समोर ओला कोट घातलेली मिंटा बसलेली.

"मिसेस लिबर्ड, तुम्ही येणार का?"

"आले तर दार पुसलं जाईल?"

"सगळे एका टेबलाशी बसले की सगळंच सोपं होतं," हिलरी म्हणाली. बिचारीला खरंच तसं वाटत होतं.

पहिल्या बैठकीला मिंटा रविवारची टोपी घालून गेली. सगळे बसले, चहा आला, चॉकलेटची बिस्किटं आली. मिंटाने हात जोडले, डोळे मिटले आणि मान खाली घातली. आमच्याकडे कुठलीही सभा प्रार्थनेशिवाय सुरू होत नाही. तिला वाटलं कुणीतरी म्हणेल. बराच वेळ गेला. मग खांद्यावर हात आला. "बरं वाटत नाहीये का तुम्हाला? पाणी आणू?" हिलरी विचारत होती. मिंटाने डोळे उघडले. सगळं टेबल तिच्याकडे बघत होतं.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, आणा पाणी."

त्यानंतर ती प्रार्थना बसमध्येच उरकून जाऊ लागली.

मंडळाचं नाव ठरवण्यात हिवाळा गेला. हिलरीला "भागीदारी" हवं होतं, पोलिसांना "कृतिगट", अग्निशमनवाला म्हणाला मला काहीही चालेल पण माझी गाडी रस्त्यावर लावलीय. मग खूण काय असावी, कागदाच्या वर कुणाचं चिन्ह आधी यावं, यावर चर्चा. दारावरच्या लिहिण्याला पोलीस "घटना" म्हणत, कीथ "तक्रार", शाळा "प्रकार". आणि तिघांचे आकडे कधी जुळत नसत. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आणि हे सगळं मंगळवारी सकाळी अकरा वाजता, जेव्हा रुटेंडो रात्रपाळी करून पडदे ओढून झोपलेली असायची. तिच्याविषयी बोलणं व्हायचं आणि संध्याकाळी मिंटा जाऊन तिला सांगायची.

"आज काय झालं, आंटी?"

"तुझं नाव निघालं."

"निघालं म्हणजे?"

"चांगल्या अर्थाने गं. सगळ्यांना वाईट वाटलं."

रुटेंडो सॅड्झा ढवळायची, मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा, आणि पुढे विचारायची नाही.

एक गोष्ट मात्र ठरली. दारावर काही लिहिलं गेलं तर हात लावायचा नाही. फोन करायचा, पोलीस येऊन फोटो काढतील, मग कीथची माणसं येऊन दार रंगवतील. मिंटाने चॅपलमध्ये सूचनांच्या वेळी उभं राहून हे सांगितलं. तिथे आम्ही सगळ्या एकमेकींना सिस्टर म्हणतो. "सिस्टर्स, यापुढे बादल्या नाहीत."

सिस्टर मेनार्ड नव्वदीची, काठी आपटत म्हणाली, "म्हणजे रविवारी सकाळी प्रभूच्या दिवशी दारावर घाण घेऊन बसायचं?"

"बसायचं, सिस्टर."

"मी नाही बसणार. माझं दार, माझी बादली."

"सिस्टर, तुमच्या दारावर कुणी लिहायला धजणार नाही. तुम्ही आत आहात हे त्यांना माहीत आहे."

सगळे हसले. मीही हसले. पण हातांना खाज सुटावी तसं वाटत होतं. घाण दिसली की पुसायची हे आमच्या हाडात भिनलेलं, आणि आता ती राखायची.

वसंतात, ईस्टर होऊन गेल्यावर, ती सकाळ आली. मिंटा चिएड्झाला शाळेत सोडून आली आणि फोन वाजला. आम्ही दोघी क्रो हिलला गेलो. लाल दारावर पांढऱ्या रंगात तो शब्द, एवढ्या मोठ्या अक्षरांत की रस्त्याच्या टोकावरून वाचता यावा. रंग ओघळून उंबऱ्यावर आलेला. रुटेंडो आश्रमाचा निळा झगा घालून आतल्या जिन्यावर बसली होती. तिला त्या दारातून आत जावं लागलं होतं.

मिंटाने पोलिसांना फोन केला. कॅमेरावाला बाहेर गेलाय, येतो म्हणाले. कीथला केला. तो म्हणाला, पोलिसांनी सांगितल्याशिवाय आम्हाला हात लावता येत नाही, तुमच्याच बैठकीत ठरलंय ना? पुन्हा पोलिसांना केला. ते म्हणाले, फोटो घर ज्यांचं त्यांनी काढला तरी चालतो बहुतेक, विचारून सांगतो. हिलरीला केला. तिची सहकारी म्हणाली, हिलरी आज प्रशिक्षणाला गेलीय.

"कसलं?"

"वेगवेगळ्या खात्यांनी मिळून काम कसं करावं, याचं."

मिंटाने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. हसावं की काय करावं ते तिला कळत नव्हतं.

आम्ही थांबलो. रस्त्याने माणसं जात होती. कुणी दाराकडे बघून पटकन मान वळवायचं, कुणी बघतच जायचं. समोरची बाई बाहेर आली, बघितलं, "कसली मेली जात," असं म्हणाली आणि आत गेली. कुणाची जात ते कळलं नाही. मी मनातल्या मनात प्रार्थना म्हणत होते, पण डोळे सारखे बादलीकडे जात होते. सवयीने मी ती घेऊनच आले होते.

दुपार कलली. रुटेंडोने झोपावं म्हणून मी दोनदा सांगितलं, ती उठली नाही. मग एकदम म्हणाली, "आंटी, किती वाजले?"

"शाळा सुटायला वेळ आहे अजून."

"बादली द्या."

"थांब," मिंटा म्हणाली. "येतील. निघाले म्हणालेत. आज फोटो निघाला तर ती पोरं सापडतात. मग हे संपतं. नाहीतर पुन्हा तेच."

"आंटी, ती वाचायला शिकलीय."

मिंटाने दाराकडे पाहिलं.

"रस्त्यातली प्रत्येक पाटी वाचत येते ती. बेकरी. केस कापून मिळतील. बसथांबा. सगळं मोठ्याने. मला म्हणते, मम्मा, तू नको सांगू, मी वाचते." रुटेंडो उभी राहिली. "आज कोपऱ्यावर वळली की ती काय वाचेल?"

"मी पुढे जाऊन तिला माझ्याकडे नेते—"

"आणि उद्या? परवा? ते दार रंगवायला येईपर्यंत माझी लेक स्वतःच्या घरी यायची नाही का?"

मिंटा दारात उभी होती, अशी की बादली एका बाजूला आणि दार दुसऱ्या बाजूला. तिने हातही आडवा धरलेला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं ती हलणार नाही. मंडळाचा सगळा हिवाळा त्या हातात होता. मग तिने तो खाली घेतला.

"ब्रश मला दे," ती म्हणाली.

"नको," रुटेंडो म्हणाली. "तुम्ही खूप दारं पुसलीत. हे माझं आहे."

तिने एकटीने घासलं. कामाच्या झग्यात, झोप न झालेल्या डोळ्यांनी. चिएड्झा कोपऱ्यावरून वळली तेव्हा ती कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचत होती. दाराशी येऊन तिने बोट लावलं. "मम्मा, दार ओलं आहे."

"धुतलं."

"का?"

"तू येणार होतीस म्हणून."

पोर खूश होऊन आत पळाली. चहाच्या वेळी ओल्डरॉइड आला, गळ्यात कॅमेरा. दार बघितलं. टोपी काढून हातात घेतली आणि नुसता उभा राहिला. मिंटा म्हणाली, "आत या. चहा घ्या. फोटो चहाचा काढा."

त्या आठवड्यात रुटेंडोने घर बदलून मागितलं. समुद्राकाठच्या कुठल्याशा गावी फ्लॅट मिळू शकेल, तिसऱ्या मजल्यावर, म्हणाले. मिंटाला तिने हे रविवारी, स्तोत्र संपल्यावर सांगितलं. मिंटाने "बरं" म्हटलं आणि घरी जाऊन दोन दिवस दार उघडलं नाही. मी सूप घेऊन गेले तर आतूनच म्हणाली, "ठेव पायरीवर. मी आजारी नाही. मला फक्त कुणाला काही समजावून सांगायचं नाहीये."

मंगळवारी बैठकीला मात्र गेली. मीही गेले तिच्यासोबत, ती एकटी जिना चढेल असं मला वाटेना. हिलरीने कार्यक्रम वाचला. पहिला विषय, पत्रकाचा रंग.

"दार कोणी पुसायचं?" मिंटा म्हणाली.

"ते आपण चौथ्या विषयात घेतोय, मिसेस लिबर्ड."

"मी पहिल्यात घेते. फोटो कोणी काढायचा, दार कोणी पुसायचं, आणि दोन्ही शाळा सुटायच्या आत कसं व्हायचं."

हिलरी म्हणाली यावर उपसमिती नेमता येईल. कीथ म्हणाला पोलिसांचा निरोप यायला हवा. ओल्डरॉइड म्हणाला त्याच्याकडे कॅमेरावाला एक आणि गाव केवढं. शाळेच्या बाई म्हणाल्या आम्ही यात नेमके कुठे येतो? मिंटाने सगळं ऐकून घेतलं. "बरं," ती म्हणाली, "दार कोणी पुसायचं?"

"चला, आपण पुढच्या विषयाकडे—"

"तुम्ही जा. मी इथेच आहे."

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती भांडत नव्हतीच. उठायचं बळ नसलेलं माणूस बसतं तशी बसली होती. कुणी पत्रकाचा रंग काढला की ती तेच विचारायची, दमलेल्या आवाजात. वेळ संपत आली. दाराच्या काचेतून पुढच्या सभेची माणसं दिसायला लागली, गाड्या लावायच्या जागांविषयीची ती सभा होती; ती घड्याळं बघत होती. हिलरीचे कान लाल झाले. इथल्या माणसांना ओरडण्याची भीती वाटत नाही, पण दुसऱ्याला ताटकळत ठेवण्याची वाटते.

शेवटी कीथ म्हणाला, अगदी हळू, जणू खिशातून चुकून पडलं, "तसा आमच्या दुरुस्तीच्या गाडीत कॅमेरा असतो."

"कशाला?" ओल्डरॉइडने विचारलं.

"ओल आलेल्या भिंतींचे फोटो काढायला. भाडेकरू नंतर म्हणतात, आधीपासूनच होती."

"म्हणजे दार रंगवायला येतो त्याच्याच गाडीत?"

"हो."

"तो फोटो काढून सही करेल? तारीख घालून?"

"करेल की. ओलीसाठी करतो."

"मग मला चालेल," ओल्डरॉइड म्हणाला. "कोर्टालाही चालेल."

दर महिन्याला हे दोघे शेजारी शेजारी बसून एकाच ताटलीतली बिस्किटं खात होते.

मिंटाने पर्स उचलली. "प्रभू, तुझे उपकार," ती पुटपुटली, आणि मग मोठ्याने, "घ्या आता तुमचा रंग."

उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा लिहिलं गेलं. या वेळी गाडी आली. माणसाने फोटो काढले, सही केली, दार घासलं आणि रंगवलंही. गाडीत लाल रंग नव्हता, संस्थेचा ठरलेला हिरवा होता, तर अर्धं दार हिरवं झालं. शाळा सुटायच्या बऱ्याच आधी झालं सगळं. ते फोटो समोर ठेवून कोपऱ्यावरच्या दोन पोरांना बापांसकट ठाण्यात बसवलं, ताकीद दिली. त्यातला एक बाप नंतर दुकानात मिंटाला बघून दुसऱ्या रांगेत गेला. बस, एवढंच. आभाळ काही फाटून खाली आलं नाही.

मग फ्लॅटचं पत्र आलं. मिंटा आणि मी रिकामी खोकी घेऊन गेलो, बांधाबांध करायला. रुटेंडो कपडे वाळत घालत होती. घरात एक वस्तू हललेली नव्हती.

"कधी निघायचं?" मिंटाने विचारलं.

"नाही जात."

मिंटाने खोकी खाली ठेवली. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण मी ओळखते तिला. "का गं? आता भीती नाही वाटत?"

"वाटते की." रुटेंडोने चिमटा तोंडातून काढला. "पण मुटारेत खोकी बांधली, लंडनला बांधली, ब्रॅडफर्डला दोनदा. आता हात उचलत नाही, आंटी. इथे निदान वाईट कोण ते माहीत झालंय. तिकडे पुन्हा पहिल्यापासून ओळखत बसायचं? दमले मी. दमले म्हणून राहते."

"हेही कारण चांगलंच आहे," मिंटा म्हणाली आणि टोपलीतला ओला टॉवेल उचलून झटकला.

पुढच्या बैठकीत तिने सांगितलं, ती राहतेय. हिलरीने टाळ्याच वाजवल्या. "म्हणजे आपलं पहिलं यश! काय लिहूया? कुटुंबाला आश्वस्त वाटलं?"

"तिलाच विचारा."

"उत्तम कल्पना. पुढच्या बैठकीला बोलवा ना तिला."

"अकरा वाजता ती झोपलेली असते. रात्रपाळी करते ती."

हिलरीने चष्मा कपाळावरून खाली घेतला. ओल्डरॉइडने कीथकडे पाहिलं. नावावर, रंगावर, चिन्हावर बोलून झालं होतं; हे कुणी कधी विचारलं नव्हतं. मग डायऱ्या उघडल्या गेल्या, कुरकुर झाली, शाळेच्या बाईंना जमणार नव्हतं, पण अखेर बैठक सकाळी लवकर ठेवली, तिची पाळी सुटते त्याच्या लगेच नंतर.

रुटेंडो आली. झग्यावर कोट, हातात आश्रमातून आणलेला सफरचंदाच्या केकचा तुकडा कागदात. मी दोघींच्या सोबतीला होते. हिलरीने तिला खिडकीजवळची, रेडिएटरच्या बाजूची खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाली, आधी सगळ्यांनी आपापली ओळख करून देऊ या. ओल्डरॉइडने नाव सांगितलं, खातं सांगितलं. कीथने सांगितलं. अग्निशमनवाला धूर झाला की वाजणाऱ्या यंत्रांविषयी बराच वेळ बोलला. मिंटाची पाळी आली तेव्हा रुटेंडोची मान खांद्यावर कलली होती. कप तिच्या मांडीवर तिरका झालेला. मिंटाने तो अलगद काढून घेतला.

हिलरी उठली, तिला हलवायला.

"राहू द्या," मिंटा म्हणाली.

"पण तिचाच विषय पहिला आहे."

"असू दे."

ओल्डरॉइडने खुर्ची मागे सरकवली ती आवाज न करता. पुढचं सगळं त्यांनी कुजबुजत केलं, गाडीत लाल रंग ठेवायचा की नाही तेसुद्धा. रुटेंडोचा विषय त्यांनी शेवटी नेला. बाकीचं संपलं तरी ती उठली नव्हती. कुणी कागद आवरले नाहीत. कीथने उरलेली बिस्किटं हळूच फिरवली, आणि आम्ही सगळे ती जागी व्हायची वाट बघत बसून राहिलो.